लाल दोऱ्याची गाठ

सकाळी आठच्या सुमारास धाकट्याने अंगणाचे फाटक ढकलले, तेव्हा मोठी आई पायरीवर बसून पत्र्याच्या डब्यातले कोळसे फुंकत होती. तिने मान वर केली नाही. नऊ वर्षांनी पोरगा सणाला घरी येतो आहे म्हणून धावत जाऊन गळ्यात पडायचे, हे तिच्या रक्तातच नव्हते. ती नुसती म्हणाली, "चपला बाहेर. घर धुतलंय."

"कळलं. कोपऱ्यावरूनच साबणाचा वास येतोय," धाकटा म्हणाला.

त्याने छातीशी एक बरणी धरली होती. चिनी मातीची, काठाचा टवका उडालेली, तोंडाला फडके बांधलेली. रडून नुकतेच झोपलेले मूल धरावे तशी दोन्ही हातांत. मोठ्या आईने एका डोळ्याने बरणी पाहून घेतली आणि पुन्हा कोळशांकडे तोंड वळवले. तो टवका तिच्याच हातून उडालेला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा नवरा म्हणाला होता, असू दे, आता चोरीला गेली तरी ओळखता येईल.

बरणीत आंबवण होते. ज्याच्यावर पाव फुगतो ते.

आणि संध्याकाळपासून पेसाख. आठ दिवस घरात आंबलेले काही ठेवायचे नाही. पाव नाही, खमीर नाही, पिठाचा कण नाही. सणाच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन कोपरान् कोपरा हुडकायचा आणि सापडेल तो चुरा सकाळी जाळायचा. बेकरीवाल्याच्या घरात हे सोपे नसते. मोठ्या आईचा नवरा दरवर्षी या दिवशी स्वतःची बरणी स्वतःच्या हाताने डब्यात उलटी करायचा आणि सण उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पीठ-पाणी कालवून नव्याने आंबवण धरायचा. चाळीस वर्षांत त्याने कधी कुरकूर केली नाही. शेवटच्या वर्षीही सण उतरल्यावर त्याने नवे आंबवण धरले, आणि तीन आठवड्यांनी भट्टीसमोर बसल्या जागी गेला.

बरणीत होते ते तेच. बापाच्या हाताने धरलेले. धाकट्याने त्याला रोज पीठ-पाणी घालून नऊ वर्षे जिवंत ठेवले होते. पहिल्याच पेसाखला आईने सांगितले, जाळ. तो म्हणाला, हे नाही जाळणार. ती म्हणाली, मग माझ्या टेबलावर बसू नकोस. तो बसला नाही. बोललेला शब्द खरा करून दाखवायचा हा हट्ट त्याने कुठून घेतला, हे साऱ्या घराला माहीत होते. फक्त बोलायची कोणाची छाती नव्हती.

मग या वर्षी तिचा मोतीबिंदू काढला. डोळा चिघळला आणि चार दिवसांचे चौदा दिवस झाले. रोश हशाना, म्हणजे नव्या वर्षाचा सण, इस्पितळातच गेला. सफरचंदाची फोड मधात बुडवून थोरल्या सुनेने तोंडात घातली तेवढाच काय तो सण. प्रार्थनाघरात फुंकतात त्या शिंगाचा आवाज नाही की काही नाही. धाकटा मात्र रोज पहाटेची भट्टी उतरवून यायचा, गरम पाव उशाशी ठेवायचा आणि मुकाट बसायचा. शेवटच्या दिवशी म्हणाला, "यंदा पेसाखला येतो. बरणीपण आणतो. तू म्हणशील तसं करू." मोठ्या आईने भिंतीकडे तोंड केले. डोळ्यातून पाणी येत होते. औषधाने येते तसे.

तर तो आला होता. बेकरीचे शटर ओढून, पिठाची पोती समोरच्या वसतिगृहाला देऊन आला होता. संध्याकाळी त्याची बायको आणि सात वर्षांची पोरगी येणार होती. सणाच्या टेबलावर घरातल्या सगळ्यांत लहानाने प्रश्न विचारायचे असतात, आणि ती पोर महिनाभर ते प्रश्न घोकत होती म्हणे. मोठ्या आईला आणखी काय हवे होते? पण गेले आठ दिवस या घरात काहीतरी शिजत होते, आणि ते चुलीवर नव्हते.

थोरल्या सुनेच्या हातून तीन बशा फुटल्या होत्या. ती शाळेत कारकून. मुलांच्या हजेऱ्या आणि सुट्ट्यांचे तक्ते तिच्या हाताखालून जातात, आजवर एक पान इकडचे तिकडे झाले नाही. ती बशा फोडणारी बाई नव्हे. थोरला मुलगा घड्याळे दुरुस्त करतो. तो आई दिसली की भिंग डोळ्याला लावून दुकानात गडप व्हायचा. आणि मधली लेक, कोर्टात टायपिंग करते ती, बोटांपेक्षा जिभेने जास्त. ती तीन दिवसांपासून माहेरी येऊन थोरलीशी मोरीत कुजबुजत होती. मोठी आई आली की दोघी एकदम साबणाच्या भावावर बोलायच्या.

मोठ्या आईने मनाशी अंदाज बांधला होता. म्हातारीचा डोळा गेला, आता दोरी काढून घ्या, असा यांचा बेत असणार.

दोरी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असे. सासूने दिलेली, एकोणीस गाठींची. एक गाठ म्हणजे एक वर्ष. बारा गाठी नुसत्या, सात गाठींना लाल दोरा गुंडाळलेला. नुसत्या गाठीच्या वर्षात चंद्राचे बारा महिने, लाल गाठीच्या वर्षात तेरा. नाहीतर सण दरवर्षी मागे सरकत जातील आणि पालवीचा पेसाख ऐन थंडीत येऊन बसेल. दर रोश हशानाला दोरीवरची सेफ्टी पिन एक गाठ पुढे न्यायची. बस्स. मोठी आई दोन इयत्ता शिकलेली. पण योम किप्पूरचा उपास कधी, सुक्कोतला अंगणात फांद्यांच्या छपराचा मांडव कधी घालायचा, हनुक्काचा पहिला दिवा कधी लावायचा, हे विचारायला शिकलेली माणसे तिच्या दारात यायची. प्रार्थनाघराचे छापील कॅलेंडर घरी आले की ती त्याचे कागद फडताळात अंथरायची. "छापणाऱ्याला झोप लागते," ती म्हणे, "माझ्या दोरीला लागत नाही."

आणि त्या दोरीला घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. हा कायदा लिहिलेला नव्हता, कारण लिहायची गरजच पडली नव्हती.

"निखारे झाले," ती म्हणाली. "बोलवा सगळ्यांना. चुरा आणा."

सगळे आले. थोरली सून रात्री हुडकलेल्या चुऱ्याची कागदी पुडी घेऊन आली. पुडी अशी धरली होती जणू आत विंचू आहे. घड्याळजीने मनगटावरच्या घड्याळात बघितले, मग खिशातले काढून त्यात बघितले.

"दोन्हींत एकच वेळ आहे का रे?" मोठ्या आईने विचारले.

"हो आई."

"मग काळजी मिटली."

मधली हसली, गरजेपेक्षा जरा जास्तच. "काय गार आहे गं अंगण. पेसाखला इतकी थंडी मी जन्मात पाहिली नाही." आणि मग तिने स्वतःच जीभ चावली.

"यंदा हवाच तशी आहे," मोठी आई म्हणाली. "ते झाड बघ, अजून एक पान नाही. आळशी मेलं." कुंपणालगतचे झाड उघडेबोडके उभे होते. दरवर्षी पेसाखला त्याला पोपटी टोके फुटत. यंदा नव्हती. मोठ्या आईने दोन आठवडे त्या झाडाला शिव्या घातल्या होत्या. चंद्र मात्र भरत आला होता, रात्री तिने स्वतः पाहिला होता, चांगल्या डोळ्याने.

पुडी निखाऱ्यांवर पडली. भुरकन जाळ झाला आणि विझला.

धाकट्याने गुडघे टेकले, बरणी जमिनीवर ठेवली आणि फडक्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. बोटे रोज शंभर किलो कणीक मळणारी, पण गाठ सुटेना.

"हे काय आहे?" मधलीने विचारले. मग तिला वास आला. आंबूस, गोडसर, लहानपणीच्या पहाटेचा. तिचा चेहरा उतरला. "अरे, हे... बाबांचं? हे तू आज जाळणार?"

"ठरलंय आमचं," धाकटा म्हणाला. "आईचं आणि माझं."

"मला नाही सांगितलंस."

"तुला सांगितलं असतं तर कोर्टाला कळलं असतं."

मधलीने घड्याळजीकडे पाहिले. घड्याळजीने थोरलीकडे पाहिले. मोठ्या आईने तिघांकडे पाहिले आणि तिच्या मनात पहिल्यांदाच आले की, हे दोरीचे नसावे. हे दुसरेच काहीतरी आहे.

फडके सुटले. धाकट्याने बरणी उचलून डब्यावर तिरकी केली. आतले पांढरे आंबवण हळूहळू, आळस दिल्यासारखे, काठाकडे सरकू लागले.

"भाऊजी, थांबा."

थोरली बोलली होती. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने सासूच्या समोर कोणाला थांबा म्हटले नव्हते.

"वहिनी, आत्ता नको," मधली घाईने म्हणाली.

"अगं, मी सांगणार होतो..." घड्याळजीने तोंड उघडले.

"तुम्ही महिनाभर सांगणार होता," थोरली म्हणाली. ती सासूपुढे येऊन उभी राहिली. तिने हात पदराखाली घेतले. "आई, आज पेसाखची सकाळ नाही. पेसाखला अजून एक महिना आहे. आज पुरीम आहे."

डब्यात एक निखारा फुटला.

"पुरीम मागच्या महिन्यात झाला," मोठी आई शांतपणे म्हणाली. "राणीने आपल्या लोकांना वाचवलं, त्याचा सण. मी तुझ्याच हाती शेजारी गोडाची ताटं पाठवली. विसरलीस?"

"तो लहान पुरीम होता. हे तेरा महिन्यांचं वर्ष आहे. शेवटचा महिना दोनदा येतो आणि खरा पुरीम दुसऱ्या महिन्यात." तिने श्वास घेतला. "शाळेत माझ्या खणात छापील कॅलेंडर आहे. मी चारदा बघितलं."

"कोणाकोणाला माहीत होतं?"

मग घड्याळजी बोलला, शाळेत हात वर करावा तसा. "मला हिने सांगितलं. मी योग्य वेळ बघत होतो."

"घड्याळजीच्या घरात अख्खा महिना हरवला, आणि घड्याळजी योग्य वेळ बघत होता," मोठी आई म्हणाली. "आणि तू गं?"

मधलीने हनुवटी वर केली. ती पण याच आईची. "मीच म्हटलं सांगू नका. नऊ वर्षांनी हा यायला तयार झाला होता. तारीख चुकली म्हटलं असतं तर तू महिनाभर कोणाशी बोलली नसतीस, आणि याला निमित्त मिळालं असतं. म्हटलं, एकदा एका टेबलावर बसू देत. देवाला काय, तो समजून घेईल. बरणीचं मला काय माहीत?"

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला मूर्ख ठरवलंत."

"मला नव्हतं माहीत," धाकटा म्हणाला. बरणी अजून तिरकीच होती. धरून धरून त्याच्या दंडाच्या शिरा ताणल्या होत्या. "आई. हे आज ओतायचं की नाही?"

मोठी आई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली.

स्वयंपाकघर चकाचक होते. फडताळे रिकामी, ओटा उकळत्या पाण्याने धुतलेला, टेबलावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या बिनआंबल्या भाकऱ्यांची चळत. तिने तीन दिवस पाठ मोडून लाटलेल्या. एक महिना आधी.

तिने दोरी काढली. डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून बोटांनी चाचपली. पिन नुसत्या गाठीवर होती. तिच्या मागची गाठ लाल.

आणि तिला ती संध्याकाळ आठवली. इस्पितळातून आल्यावर, डोळ्याला पट्टी, अंगात ताप. सगळे झोपल्यावर ती भिंत धरत इथे आली होती, कारण रोश हशाना होऊन गेला होता आणि पिन सरकवायची राहिली होती. पिनेखाली बोटाला लाल दोरा लागला होता. एक क्षण वाटले होते, गेले वर्ष लाल होते? तेरा महिने पाळले आपण? आठवेना. कोणाला उठवून विचारावे, असेही वाटले होते. मग मनात म्हणाली, दोरी सांगते म्हणजे पाळले असतील. आणि पिन पुढे नेली.

विचारायला काय गेले असते? तोंडातून एक वाक्य. पण ते वाक्य तिला साठ वर्षांत कधी जमले नव्हते.

दाराशी थोरली उभी होती.

"मी सरकवली होती," ती म्हणाली. "रोश हशानाच्या दिवशी. तुम्ही इस्पितळात होता. म्हटलं, दोरी मागे राहिली तर तुम्हाला परत आल्यावर वाईट वाटेल. मग तुम्ही घरी आलात, आणि दोरीला हात लावला हे सांगायची मला भीती वाटली. तुम्ही पुन्हा सरकवाल हे डोक्यातच आलं नाही. मागच्या महिन्यात तुम्ही पुरीम केलात तेव्हा कळलं."

"म्हणजे तू एकदा आणि मी एकदा."

"हो."

मोठी आई तिच्याकडे बघत राहिली. पन्नाशी ओलांडलेली सून, डोळ्यांखाली काळे, आठ दिवस झोपली नसावी. या पोरीला आपण कशाकशाची भीती घातली आहे? आणि कधी?

ती दोरी घेऊनच अंगणात आली. सगळे होते तिथेच होते. धाकट्याने बरणी सरळ करून मांडीवर घेतली होती.

"घड्याळजी," मोठी आई म्हणाली, "एका घड्याळाला एकमेकांना न सांगता दोघांनी चावी दिली तर काय होतं?"

"आतली कमान तुटते, आई."

"तसं झालंय. तिने चावी दिली ती माझ्या काळजीने, आणि मी दिली ती माझ्या तोऱ्याने. मला त्या रात्री शंका आली होती. मी विचारलं नाही." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "मी चुकले. हे एकदाच सांगणार आहे. ज्याला ऐकू आलं नसेल त्याने कान साफ करावेत."

मधलीने नकळत कानाला हात लावला.

"मग हे?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "मी काल रात्रभर याच्यासमोर बसलो होतो. याला शेवटचं पीठ घालू की नको, घालू की नको. सकाळी मन घट्ट केलं आणि निघालो. आता एका महिन्याने पुन्हा? मला नाही जमणार, आई. एकदाच जमलं होतं."

"मग आत्ताच ओत आणि मोकळा हो," मधली म्हणाली. "आज काय नि महिन्याने काय."

"वेडी आहेस का?" घड्याळजी चक्क तिच्यावर खेकसला. "आज पुरीम. आज आंबवण जाळायचं कारणच नाही. उगाच बाबांचं..." त्याने वाकून बरणीचा काठ बोटाने पुसला. सगळ्या घराला वाटायचे की घड्याळजीला फक्त चाके दिसतात.

"आणि महिन्याने तो आलाच नाही तर? पुन्हा नऊ वर्षं?"

"तूच सांगू नका म्हणालीस म्हणून ही वेळ आली."

"तू महिनाभर भिंग लावून बसलास म्हणून आली."

मोठी आई ऐकत होती. काल असते तर एका शब्दात दोघांना गप्प केले असते. आज ती थोरलीकडे बघत होती, कारण थोरलीने काहीतरी गिळले होते. ओठ उघडले, मिटले. ही हालचाल मोठ्या आईच्या ओळखीची होती. पंचवीस वर्षे रोज समोर घडणारी, आणि तिने कधी बघितलीच नव्हती.

"काय गं?" ती म्हणाली. "काय बोलणार होतीस?"

"काही नाही."

"तुझ्या माहेरी पीठ, खमीर, सगळं जाळायचे?"

थोरली म्हणाली, "चुरा जाळायचे. मोठा साठा नाही. माझ्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. ते पोस्टमनला विकायचे. म्हणजे जो आपल्या धर्माचा नाही, त्याला. कागद करून, एका नाण्यात. सण संपेपर्यंत सगळं त्याचं. सण उतरला की तो परत विकायचा. प्रार्थनाघराचे गुरुजीच कागद लिहून द्यायचे. चालतं ते. नीट, नियमाने चालतं."

"बरणीपण?" धाकट्याने विचारले.

"बरणीपण. त्याच्या घरी नेऊन ठेवायची. रोज पीठ-पाणी तोच घालेल, त्याचीच असते ना तेव्हा."

धाकट्याने फडके पुन्हा बरणीवर ओढले.

"तुला हे नऊ वर्षं माहीत होतं," मोठी आई म्हणाली.

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

"पहिल्याच वर्षी बोलले होते." थोरलीच्या स्वरात राग नव्हता, हजेरी वाचावी तसे ती सांगत होती. "ओट्याशी. म्हटलं, आई, आमच्याकडे ना... तुम्ही म्हणालात, तुमच्याकडचं तुमच्याकडे. पुढचं ऐकलंच नाहीत."

मोठ्या आईला ते आठवले नाही. हेच सगळ्यांत वाईट होते. असे वाक्य तिने इतक्यांदा टाकले होते की त्यातले नेमके कोणते, हे सांगता येणार नव्हते. एका वाक्याने नऊ पेसाख खाल्ले होते. टेबलावरची ती रिकामी खुर्ची, दरवर्षी ती स्वतः पुसायची ती.

ती पायरीवर बसली. दोरी मांडीवर घेतली, पिन काढली, आणि एक गाठ मागे, लाल दोऱ्यावर, पुन्हा लावली. पिन बोटाला टोचली; तिने बोट तोंडात घातले.

"समोरच्या वसतिगृहाची वॉर्डन कोण आहे?" तिने धाकट्याला विचारले. "आपल्यातली नाही ना?"

"नाही. का?"

"पोती तिला दिलीस ना? महिन्याने बरणीपण तिला वीक. कागद थोरली लिहील, तिचं अक्षर चांगलं आहे. मी अंगठा... मी सही करीन." मग ती दोरी कमरेला खोचून उठली. "आणि आता बसलात काय? पुरीमचं जेवण सूर्य मावळायच्या आत झालं पाहिजे, आणि या घरात मी पिठाचा कण ठेवलेला नाही. भट्टी गरम आहे का तुझी?"

"परवापर्यंत राहते. विटांची आहे."

"मग चला."

नऊ वर्षांत तिने बेकरीत पाऊल टाकले नव्हते. शटर वर गेले आणि तो वास अंगावर आला, तेव्हा तिने नाक पुसले आणि कोळशाच्या धुराला दोष दिला. भिंतीवरच्या खुंटीला नवऱ्याचा ॲप्रन तसाच होता. धाकटा वसतिगृहातून एक पोते पाठीवर मारून परत आला, म्हणाला, "काल दान दिलं, आज परत मागितलं. वॉर्डनबाई म्हणाल्या, तुमच्या धर्मात असंच असतं का?"

"सांग, महिन्याने याहून मोठी गंमत आहे," मोठी आई म्हणाली.

पुरीमला सगळे उलटेपालटे करायची मुभा असते. मोठ्यांनीही सोंगे काढायची, हसायचे. घड्याळजीने बापाचा ॲप्रन उलटा घातला आणि डोक्यावर पिठाची चाळणी ठेवली. मधलीने परातीवर लाटणे आपटून असा गोंगाट केला की रस्त्यावरची माणसे थांबून बघू लागली. तिने त्यांच्याही हातावर गोड कणकेचे भाजलेले गोळे ठेवले, कारण या दिवशी दुसऱ्याच्या हाती खाणे पोचवायचेच असते. धाकट्याच्या बायकोने पोरीला दुपारीच आणले; पोर आधी रडकुंडीला. महिनाभर पाठ केलेले प्रश्न आज विचारायचेच नाहीत म्हणजे काय. मोठ्या आईने तिला आपला काळा चष्मा आणि शाल दिली. पोर काठी घेऊन ठुमकत आली आणि सगळ्यांना म्हणाली, "चपला बाहेर." मोठ्या आईने तिला खोटाही दम दिला नाही.

बरणी फळीवर होती. धाकट्याने मूठभर आंबवण कणकेत घेतले आणि मग बरणी आईपुढे धरली. तिने पिठात हात घातला, एक मूठ आत सोडली, पाणी ओतले आणि लाकडी चमच्याने ढवळले. हळूहळू एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"भूक लागली होती त्याला," धाकटा म्हणाला.

"बापासारखंच. न्याहारीला उशीर चालत नसे."

पहिले पाव भट्टीतून निघाले तेव्हा ऊन अजून पायरीवर होते. थोरली टेबल मांडत होती. मोठ्या आईने कमरेची दोरी काढली, गुंडाळली आणि तिच्या हातात दिली, इतक्या सहज की जणू भांडे पुसायचे फडके देते आहे.

"तुझ्या हाताला येईल अशा खिळ्याला टांग. पुढच्या रोश हशानाला पिन दोघींनी मिळून सरकवायची. एकीने सरकवायची, दुसरीने बघायचं."

थोरलीने दोरी दोन्ही हातांनी घेतली.

"आणि तुझ्या माहेरी पुरीमला काय करायचे?" मोठ्या आईने विचारले. "सांग. पूर्ण सांग, मी ऐकतेय."

थोरलीने सासूकडे बघितले. तिचा चेहरा कारकुनासारखा सरळ होता. "आमच्याकडे त्या दिवशी सासू सुनेचं ऐकते."

घड्याळजीच्या डोक्यावरची चाळणी खाली पडली.

मोठ्या आईने पाव मोडला, अर्धा सुनेपुढे ठेवला, अर्धा स्वतः घेतला. "वर्षातून एकदाच ना?"

"एरवी एकदा," थोरली म्हणाली. "तेरा महिन्यांच्या वर्षात दोनदा."